बदलीवरची माणसं

परवा हापिसात जेवताना एक संवाद कानावर पडला आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. आमच्या टीममधला एक पोरगा (वय वर्षं २५, कोड सुंदर लिहितो, डॉक्युमेंटेशनच्या नावाने बोंब) पुढच्या महिन्यात दोन वर्षांसाठी कोरियाला चाललाय, सुवॉनला. तिकडून नुकत्याच परतलेल्या एकाला त्याने विचारलं, "तिथे मित्रबित्र होतात का रे? की रूमवर बसून भिंती बघायच्या?"

अनुभवी उत्तर आलं, "टेन्शन घेऊ नको. आपला चाळीसेक जणांचा ग्रुप आहे. एकाच बिल्डिंगमध्ये सहा फ्लॅट आपले. गणपती, दिवाळी, क्रिकेट, सगळं होतं. पुणं सोडल्यासारखं वाटणारच नाही तुला!"

आणि पोराच्या चेहऱ्यावर हुश्श झाल्याचे भाव.

मी डब्यातली भेंडी चिवडत गप्प बसलो, कारण तिथे तोंड उघडलं असतं तर लंच अवर संपला असता. पण आज शनिवार आहे, बायको माहेरी आहे, चहा झालाय. त्यामुळे आता सविस्तर.

दोन वर्षं, सहा हजार किलोमीटरच्या आसपास अंतर, व्हिसा, मेडिकल, आईचं रडणं, एअरपोर्टवरचे फोटो, आणि एवढं सगळं करून मिळवायचं काय, तर पुणं सोडल्यासारखं वाटणार नाही ही हमी? अरे मग पुणं सोडतोस कशाला?

हे मी उंटावरून शेळ्या हाकत नाहीये. मी स्वतः २०१६ ते २०१८ सुवॉनमध्ये होतो आणि त्यातले पहिले चौदा महिने मी अगदी असेच घालवले. शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी फ्लॅटवर खिचडी. शनिवारी इतेवॉनला जाऊन तूरडाळ, कोथिंबीर आणि मॅगी. रविवारी क्रिकेट, नाहीतर पत्ते. आणि प्रत्येक बैठकीत ठरलेला विषय: हे कोरियन लोक किती थंड, किती आतल्या गाठीचे, 'मिक्स' कसे होत नाहीत. हे आम्ही मराठीत बोलायचो, मराठी माणसांशी, दार लावून. दाराबाहेर बारा लाख वस्तीचं शहर. त्या शहराने आत येऊन आमच्याशी मैत्री करायला हवी होती, असं बहुधा आमचं म्हणणं होतं.

आता एक तांत्रिक मुद्दा. कोरियन लिपी, हांगुल, ही १४४३ मध्ये सेजोंग राजाच्या पुढाकाराने मुद्दाम बनवलेली लिपी आहे. सामान्य माणसाला चटकन शिकता यावी हाच तिचा हेतू. मूळ अक्षरं २४. व्यंजनांचे आकार उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, घसा कसे असतात त्यावरून घेतलेले. बाराखडीत वाढलेल्या माणसाला तर ती दोन दिवसांत यावी. आमच्या त्या चाळीस जणांच्या ग्रुपात किती जणांना दुकानाची पाटी वाचता येत होती? पाच. मी त्यांत नव्हतो. नवीन फ्रेमवर्क आलं की विकांताला बसून शिकणारे आम्ही, ज्या रस्त्यावरून रोज चालायचो त्यावर काय लिहिलंय ते चौदा महिने वाचू शकलो नाही. ही अडचण नव्हती मंडळी, हा शुद्ध माज होता. आपण इथे तात्पुरते आहोत, हा तो माज.

(त्यात गंमत अशी की हेच लोक कोरियन माणूस भेटला की त्याला अयोध्येच्या राजकन्येची गोष्ट सांगणार. ती कशी समुद्रमार्गे गेली, तिथल्या राजाशी लग्न केलं, किम घराणं म्हणजे आपलेच भाचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दंतकथेतला किम आपला. शेजारच्या डेस्कवरच्या किमला मुलं किती ते माहीत नाही.)

हा माज आला कुठून याचा विचार करताना मला सुवॉनपेक्षा जास्त आठवलं ते माझं गाव.

मी चंद्रपूरचा. असं मी सगळीकडे सांगतो आणि समोरचा लगेच म्हणतो, "अरे वा, ताडोबा!" (तो ताडोबाला येऊन गेलेला असतो. नागपूरला विमानातून उतरला, गाडीत बसला, मोहर्लीला रिसॉर्ट, दोन सफारी, एक वाघ, परत. वाटेत चंद्रपूर लागलं होतं का, तर "झोप लागली होती रे.") पण खरं सांगायचं तर मी चंद्रपूरचा नाहीच. मी ऊर्जानगरचा. महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. केंद्राचे पहिले संच १९८० च्या दशकात सुरू झाले आणि राज्यभरातून माणसं येऊन तिथे क्वार्टरमध्ये राहिली. माझे बाबा जळगावकडचे. शाळा कॉलनीत, बाजार कॉलनीत, बॅडमिंटन हॉल कॉलनीत, गणपती कॉलनीत. शहर सातेक किलोमीटरवर. तिथे आम्ही दिवाळीच्या कपड्यांना जायचो, आणि चैत्रात महाकालीच्या यात्रेची गर्दी असते म्हणून मुद्दाम जायचो नाही. घरात कायम एक वाक्य असायचं: "आपण इथे बदलीवर आलोय." बाबा त्या बदलीवर सत्तावीस वर्षं होते.

गडचिरोलीची तऱ्हा याहून न्यारी. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा जिल्हा झाला आणि सरकारी नोकरांच्या तोंडी त्याचं नाव पडलं 'शिक्षेची बदली'. माझा एक मामा एटापल्ली तालुक्यात शिक्षक होता, नऊ वर्षं. वर्गातली पोरं माडिया. मामा त्यांना मराठीतून शिकवायचा, पोरं त्याच्याकडे टकामका बघायची, आणि शनिवारी दुपारी मामा एसटी पकडायचा. मामावर माझं अतोनात प्रेम आहे. त्याने मला सायकल शिकवली, बारावीला पैसे दिले. पण एकदा मी त्याला विचारलं की नऊ वर्षांत माडियातले किती शब्द आले, तर तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "'जोहार' म्हणत होतो ना." 'जोहार' मलाही येतं. ते तर पुढाऱ्यांनाही येतं.

मान्य, मामाची बाजूही आहे. ती नक्षली धामधुमीची वर्षं होती, संध्याकाळी सातनंतर बाहेर पडायची सोय नव्हती, बायको-मुलं चंद्रपूरला. सरकारनेही त्याला तिथे जीव लावायला पाठवलं नव्हतं. एकस्तर वेतनश्रेणी देऊन दिवस काढायला पाठवलं होतं. भीती खरी होती. पण भीती ही रात्री सातनंतरची गोष्ट. सकाळी अकरा ते पाच पोरं समोर बसलेली असायची, त्यांच्याकडून 'पाणी'ला काय म्हणतात हे विचारायला कुठला धोका होता?

याच जिल्ह्यात याच्या उलट वागलेली माणसंही आहेत, म्हणून हे परिस्थितीवर ढकलता येत नाही. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे आधी माडिया शिकले. कारण पोट कुठे दुखतं हे रोग्याला सांगता आलं पाहिजे आणि डॉक्टरला कळलं पाहिजे. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्रामला दवाखाना बांधताना लोकांना आधी विचारलं की तो कसा असावा. लोकांना मोठ्या इमारतीची धास्ती वाटते हे कळल्यावर तो झोपड्यांसारखा बांधला आणि नाव दिलं दंतेश्वरीचं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात मोहन हिराबाई हिरालाल (ते २०२५ च्या जानेवारीत गेले) शिकवायला नाही, लोकांबरोबर बसून अभ्यास करायला गेले. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांबरोबरच्या त्या अभ्यास गटांच्या वाटेने हे गाव पुढे इतकं तयार झालं की २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव लागलं.

आता कुणीतरी म्हणेल, आम्ही काय आमटे आहोत का? नाही बाबा. मी पण नाही. कुणी कुष्ठरोग निर्मूलन करायला सांगत नाहीये. मुद्दा एवढाच की समोरच्याची भाषा आधी, त्याच्याबद्दलची मतं नंतर, हा क्रम त्यांना साधला आणि आपला उलटा आहे.

शिवाय थोर माणसं सोडा. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेरा भागात १९६०-७० च्या काळात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना वसवलं. भात पिकवणारी, मासे खाणारी माणसं, एकदम या जंगलात. आज त्यांच्या घरात बंगाली आणि बाजारात अस्खलित मराठी, तीही आपल्या झाडीपट्टीच्या हेलाची. हे त्यांना कुणी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या वर्कशॉपमध्ये शिकवलं नाही. त्यांना परत जायला गाव उरलं नव्हतं. आणि आपल्याकडे रिटर्न तिकीट असतं, म्हणून आपण ठोंबे राहतो.

असो. माझे पंधराव्या महिन्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगतो. त्यात माझं कर्तृत्व शून्य आहे, कारण ते वजन वाढल्यामुळे घडलं.

डॉक्टर म्हणाला व्यायाम करा. मला येतं ते एकच, कॉलनीतलं बॅडमिंटन. कोरियात बॅडमिंटन हे वेड आहे. गल्लोगल्ली हौशी क्लब, शाळांच्या जिममध्ये सकाळ-संध्याकाळ खेळतात. खेळाडूंच्या पायऱ्या असतात, ए, बी, सी, डी आणि त्याखाली नवशिके. मी इंटर-कॉलनी उपविजेता. साहजिकच ऐटीत गेलो. समोर आल्या पन्नाशीच्या एक बाई, डोक्याला व्हायझर, गुडघ्याला पट्टा. त्यांनी मला २१-६ असं धुतलं. मी घाम पुसत नम्रपणे माझ्या तुटपुंज्या कोरियनमध्ये त्यांना 'आजुम्मा' म्हणालो आणि सगळा हॉल शांत झाला. पुण्यात कोर्टवर भेटलेल्या बाईला पहिल्याच दिवशी 'काकू' म्हणून बघा, म्हणजे कळेल. एका माणसाने मला बाजूला घेऊन समजावलं: 'नूनीम' म्हणायचं. ताई. तो माणूस पुढे माझा 'ह्योंग' झाला, म्हणजे मोठा भाऊ.

त्याने मला पहिल्या पाच मिनिटांत जन्मसाल विचारलं. आमच्या ग्रुपमध्ये याच प्रश्नावर केवढी टवाळी व्हायची, की हे लोक पगाराआधी वय विचारतात. विचारतात, कारण त्याशिवाय त्यांना वाक्यच पुरं करता येत नाही. क्रियापदाचं रूप समोरचा मोठा की लहान यावर ठरतं. अहो-जाहो आणि अरे-तुरे करणाऱ्या मराठी माणसाला हे विचित्र वाटावं? मी एकदा उत्साहात त्याला 'छिंगु', म्हणजे मित्र म्हणालो, तर तो म्हणाला, नाही, आपण छिंगु नाही, तू चार वर्षांनी लहान आहेस. छिंगु हा बरोबरीच्या वयाचा. मला ते लागलं. हाच तो थंडपणा, वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं की ह्योंग असल्यामुळे खाण्याचं बिल तो देतो, माझं विजेचं बिल वाचून दाखवतो आणि मला ताप आला तर कांजी घेऊन येतो. अरे, हा तर आपला चंद्रपूरचा 'भाऊ'! आमच्याकडे पानठेल्यावर ओळख झालेला माणूसही दहाव्या मिनिटाला "काऊन जी, जेवले का?" विचारतो. कोरियातही "जेवलात का" हाच नमस्कार आहे. मैत्रीचं दार तिथेही होतंच. मी ते चुकीच्या बाजूने ढकलत होतो.

खाण्याचा मुद्दा येणार हे माहीत आहे. मी शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. सुवॉनची खासियत काय, तर अख्खी तळलेली कोंबडी, त्याची वेगळी गल्लीच आहे. त्या गल्लीत मी ह्योंगबरोबर बसून मुळ्याचं लोणचं खाल्लं आहे, आणि बाहेर पडल्यावर त्याने मला होत्तोक घेऊन दिलं. आत ब्राऊन शुगर भरलेली, तव्यावर दाबलेली गरम पोळी, आमच्या पुरणपोळीची धाकटी बहीण. उपाशी राहिलो नाही. हे मात्र कबूल करतो की कंपनीच्या दारूच्या बैठका, वरिष्ठांचा आग्रह, हे सगळं पुरुष म्हणून मला सोपं गेलं. माझ्या टीममधल्या मुलीला ते तितकं सोपं नव्हतं आणि तिने घरी लवकर निघून जाण्यावर मी उपदेश करणार नाही. आणि हो, वर्ण बघून शेजारची सीट रिकामी ठेवणारे लोकही मेट्रोत भेटले. ते आहेतच. पण त्यांच्यामुळे मी नूनीमला भेटलो नाही असं म्हणणं हा कांगावा होता.

तर ह्योंगने मला एका रविवारी ह्वासोंगच्या तटावर नेलं. सुवॉन हे तटबंदीचं शहर आहे. १७९४ ते १७९६ या काळात जोंगजो राजाने बांधलेला साडेपाच किलोमीटरपेक्षा थोडा जास्त लांबीचा कोट, चार मोठे दरवाजे. त्याच्या बापाला आजोबाने तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं होतं. त्या बापाची समाधी सुवॉनजवळ हलवून राजाने हे शहर उभं केलं. जपानी राजवटीत आणि कोरियन युद्धात कोटाची बरीच पडझड झाली. पण बांधकामाचा बारीकसारीक हिशोब, नकाशे, आकृत्या १८०१ मध्ये छापून ठेवलेल्या होत्या. त्यावरून १९७० च्या दशकात कोट पुन्हा उभा केला आणि १९९७ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. (डॉक्युमेंटेशन! आमच्या त्या पोराला मी हे सांगणार आहे.) दक्षिणेचा दरवाजा पाल्दालमुन आज भर चौकात उभा आहे, चहूबाजूंनी बस वळतात, शेजारी बाजार.

तिथे उभा राहून मी सहज बोलून गेलो, "आमच्याकडे पण अस्सा एक आहे. जटपुरा गेट." ह्योंगचे डोळे चमकले. तुझ्या गावाला कोट आहे? किती लांब? कुणी बांधला? दरवाजे किती? नावं काय?

मला एकच नाव येत होतं, आणि ते ट्रॅफिक जॅममुळे.

त्या रात्री मी सुवॉनच्या फ्लॅटमध्ये बसून चंद्रपूर वाचलं. खांडक्या बल्लाळशाह. ससा कुत्र्याच्या मागे लागलेला पाहून राजाने तिथे शहर वसवलं ही दंतकथा. कोट अकराएक किलोमीटरचा, म्हणजे सुवॉनच्या जवळजवळ दुप्पट आणि त्याहून कितीतरी जुना. दरवाजे चार: जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा. शिवाय खिडक्या पाच: बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह, गोंड राजांचं चिन्ह. नवरा बीरशाह याची समाधी आणि महाकालीचं देऊळ बांधणारी राणी हिराई. आणि २०१७ पासून इको-प्रो या संस्थेची शहरातली पोरं रोज सकाळी कोटावरची झाडंझुडपं आणि कचरा काढत होती. म्हणजे मी इतेवॉनमध्ये कोथिंबीर शोधत होतो त्याच काळात. बावीस वर्षं मी या कोटापासून सात किलोमीटरवर राहिलो होतो.

२०१९ च्या जानेवारीत ह्योंग भारतात आला. ताजमहाल वगैरे करून चंद्रपूरलाही आला, हट्टाने. आम्ही कोटावरून चालत होतो आणि बगड खिडकी सापडेना. शेवटी मी एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं. त्यांनी रस्ता दाखवला, मग दोघांकडे बघून मला विचारलं, "तुमी कोनत्या गावचे जी?" ह्योंगला नाही विचारलं. तो परदेशी आहे हे दिसतच होतं.

हे सगळं मी त्या पोराला काल फोनवर सांगितलं, अर्थात एवढ्या पाल्हाळाने नाही. त्याने ऐकून घेतलं, मग विचारलं की कुकर तीन लिटरचा न्यावा की पाचचा. तीनचा ने, म्हटलं, आणि आजपासून रोज पाच हांगुल अक्षरं. बरं, म्हणाला. मग मी विचारलं, तू लातूरचा ना, गंजगोलाईला किती रस्ते येऊन मिळतात?

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो."